फारकतीच्या कागदात मी नव्हते

आईवडिलांची फारकत झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गावाकडून पंच सुरतला आले, पांडेसऱ्यातल्या आमच्या खोलीत चहापोहे खाल्ले आणि स्टँपपेपरवर लिहून गेले की दोघं मोकळी, कुणी कुणाकडे काही मागायचं नाही. आईनं सही केली. वडील सुरतेतच बमरोलीला राहायला गेले आणि तिथल्या मिलच्या रंगखात्यात लागले.

आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. त्यात भाडं निघायचं, माझी शाळा निघत नव्हती. शेजारच्या मावशींनी तिला एका वकीलबाईंकडे नेलं. बाईंनी कागद वाचला आणि सांगितलं, तुमच्या हक्काचं काय ते पुढं पाहू, पण पोरीचा हक्क सोडून द्यायचा अधिकार पंचांनाही नाही. घरी येईपर्यंत आई स्वतःशीच घोकत होती, "मी मन्हं सोडी दिधं, पोरनं नही."

कोर्टात अर्ज झाला. कागद गुजरातीत, ते मी आईला वाचून दाखवायचे, कारण गुजराती मी गल्लीत खेळता खेळता शिकले होते. तारखेला आम्ही डबा घेऊन जायचो. शाळा बुडायची, म्हणून मला तारखा आवडायच्या.

तिसऱ्या तारखेला वडिलांनी सांगितलं की ते बेकार आहेत. ते ठेकेदाराकडे कामाला होते, मिलच्या हजेरीत त्यांचं नावच नव्हतं. वकीलबाई कागद चाळत राहिल्या. तेवढ्यात आई उठून न्यायाधीशांना म्हणाली,

"साहेब, इसके हाथ देखो."

वडिलांनी हात पाठीमागे नेले. साहेबांनी ते पुढे करायला लावले. नखांपासून मनगटापर्यंत गडद गुलाबी. साहेबांनी चष्मा सारखा करत विचारलं, हा कुठला रंग?

"रानी, साहेब," वडील सवयीनं बोलून गेले. "कल का लॉट."

सगळे हसले. मीही हसले, मग वडिलांचा चेहरा दिसला आणि मी खाली बघितलं.

माझ्यापुरती पोटगी लागली. रक्कम थोडीच, तेव्हाच्या कायद्याला कमाल मर्यादा होती, याहून जास्त बसत नाही, असं साहेब म्हणाले. दर महिन्याला वडील आमच्या नाक्यावर येऊन पाकीट माझ्या हातात द्यायचे आणि मला गाडीवरचा गरम लोचो खायला घालायचे. गणितात किती पडले, एवढंच विचारायचे. मंदीत दोन महिने आलेच नाहीत, तेव्हा आईनं वकीलबाईंकडून नोटीस पाठवली. पुढच्या खेपेला त्यांनी मागचं सगळं आणलं. नोटिशीचं नावही काढलं नाही.

मी अठरा पूर्ण केल्यावर त्यांना सांगितलं की आता कोर्टाचा हुकूम संपला. त्यांनी मान हलवली. त्यानंतर दोन महिने पाकीट आलं, तिसऱ्या महिन्यात ते रिकाम्या हातानं आले आणि थोडे अवघडून उभे राहिले. मी त्यांना लोचोच्या गाडीकडे घेऊन गेले. पैसे मी दिले.