नाडी बघायची नाही

गयाबाईंनी माझ्या टेबलावर मनगट उताणं ठेवलं. समोर त्यांच्याच मुलीच्या केसची फाइल उघडी होती.

"बाई, जरा नाडी बघा. सकाळपासून लई धडधडतंय."

"मावशी, हे वकिलाचं ऑफिस आहे."

"मंग काय झालं? हात तर त्योच हाय ना तुमचा!"

वैजापूरला मी एकवीस वर्षं दवाखाना चालवला. गयाबाई माझ्या तिथल्या पेशंट. पेशंटच्या केसेस कोर्टात पडताना बघून डोकं फिरायचं. वकिलांना केसपेपरच वाचता यायचा नाही. म्हणून पन्नाशीला एलएलबी केलं, वकिलांची परीक्षा दिली, प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट मिळवलं. पण नियम असा की सनद, म्हणजे कोर्टात उभं राहायचा परवाना, हवी असेल तर डॉक्टरकी बंद. दोन्ही डगरींवर हात चालत नाही. आता मी शहरात, औरंगपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर ऑफिसात बसते, आणि स्टेथोस्कोप घरी कपाटात आहे. खोटं कशाला बोलू, त्याची फार आठवण येते.

त्या दिवशी ग्राहक आयोगात गयाबाईंच्या मुलीची, सुनीताची, शेवटची सुनावणी होती. मोडलेल्या हाताला प्लास्टर घट्ट बसलं, बोटं निळी पडली, तरी हॉस्पिटलात कुणी ते कापलं नाही. विसाव्या वर्षी पोरीचा उजवा हात निकामी झाला. ती आईच्या शेजारीच बसली होती.

राहवलंच नाही. मी गयाबाईंची नाडी धरली. दोन ठोके, मग खंड, मग तीन घाईघाईनं. पाय सुजलेले. पेन उचललं आणि सवयीनं वकिली पॅडवर गोळीचं नाव लिहून मोकळी झाले! मग भानावर आले. हा कागद समोरच्या वकिलाच्या हाती लागला असता तर माझी सनद धोक्यात, आणि सुनीताची केस लोंबकळत. फाडून टाकला.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं."

"नाय. पोरीची तारीख हाय आज."

"तारखेला मी आहे ना! का विश्वास नाही माझ्यावर?"

"तसं नाय वो. मंग तुमी संगं चला."

तेच तर जमणार नव्हतं. मायलेकींना रिक्षात बसवून माझ्या हृदयरोगतज्ज्ञ मैत्रिणीकडं धाडलं. मी आयोगापुढं उभी राहिले आणि बोटं निळी का पडतात ते स्वतःचं मनगट आवळून समजावलं. सगळा जीव मात्र त्या रिक्षात होता.

बाहेर आले तर मैत्रिणीचा फोन. "वेळेवर पाठवलंस गं. अॅडमिट केलंय. पण निदान कुणी केलं?"

"त्यांच्या वकिलानं."

ती खो खो हसली. मला काही हसू आलं नाही.

महिन्याभरानं निकाल सुनीताच्या बाजूनं लागला. गयाबाई पेढे घेऊन स्वतः जिना चढून आल्या, बसल्या, आणि परत टेबलावर मनगट ठेवलं.

डॉक्टरकी सोडून वकील होणाऱ्यांना माझं एकच सांगणं: डॉक्टरचं रजिस्ट्रेशन परत जमा करता येतं, बोटांची सवय जमा करायला कुठं खिडकी नसते.

"कशी हाय नाडी?" गयाबाईंनी विचारलं.

"ते तुमच्या डॉक्टरांना विचारा," मी म्हटलं. हात मात्र बराच वेळ सोडला नाही.