आप्पाला विचारायचं आहे

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात रिक्षात होतो. फोन त्याच्या पुतण्याचा, बाळूचा. तोच गावचा उपसरपंच. "काका, आप्पा गेलं. लोक म्हणत्यात, देवानं नेलं." हार्ट अटॅकचं त्यानं नंतर, जाता जाता सांगितलं...

कवठे महांकाळच्या बाजूला आमचं गाव. तिथं सरपंच बिनविरोध होतो याचं तालुक्याला कोण कौतुक! खरी निवडणूक देवळात व्हायची. गुरव मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायचे आणि गाव श्वास रोखून बसायचं. उजवी पडली की देवाचा होकार. माझा बालमित्र आप्पाही असाच सरपंच झाला. रस्ता कुठून न्यायचा, शाळेची खोली कुठं बांधायची, सगळं कळ्या ठरवायच्या. ग्रामसभेत नुसत्या सह्या. होकार नेहमी देवळाभोवतीच्या आळीलाच कसा मिळतो, हे माळावरच्या धनगर वस्तीनं कधी विचारलं नाही.

आप्पानं विचारलं. यंदा पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. वस्तीवरच्या बाया अजून कोरड्या ओढ्यात झरे उकरतात. आप्पा भर ग्रामसभेत म्हणाला, "देवाला लय तरास दिला आपण. आता एकदा माणसास्नी इचारू. हात वर करा." हात वर झाले, टाकी वस्तीला मिळाली. मला फोनवर हे सांगताना तो शाळेतल्यासारखा खिदळत होता. आणि पाया आखायच्या आतच गेला. गाव चपापलं, काम थांबलं. देवाला पुन्हा कौल लावायची कुणाची छाती होईना.

काही आठवड्यांनी टाकीसाठी भांडायचंच असं ठरवून मी गावी गेलो. पंचायतीच्या खिडक्या भरदुपारी लावलेल्या, पंखा बंद. मला वाटलं, शोकसभा असेल. आत आप्पाची खुर्ची होती आणि तिच्या रेक्झिनच्या पाठीवर दोन ओल्या कळ्या. समोर बाळू हात जोडून उभा होता, मागं गाव, कोपऱ्यात वस्तीवरच्या बाया.

"आप्पा, टाकी वस्तीवरच बांधायची असंल तर उजवी द्या."

अरे, हेच तर मोडायला निघाला होता तो, असं मी बोलू लागलो, तर वस्तीवरच्या एका म्हातारीनं माझा हात धरला. "बोलू नगा दादा. ऐकत्यात ते."

मला संताप आला, रडूही आलं. माणसांना विचारा म्हणणाऱ्या माझ्या मित्राला यांनी महिन्याभरात देव करून टाकलं होतं. कळ्या उपटून फेकाव्यात म्हणून मी पुढं झालो आणि खुर्ची करकरली. कुणी बसताना करकरते तशी. जवळ कुणीच नव्हतं. पुढं केलेला हात मी मागं घेतला.

उजवी कळी जराशी घसरली... आणि अडकली. म्हातारीची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. कुणीतरी पुटपुटत होतं, "दे रं आप्पा, दे रं गड्या."

तो आवाज माझाच होता.