शुक्रवारची डिस्क

परवा कॉम्प्युटरची जुनी कॅबिनेट उघडली आणि तापलेल्या धुळीच्या वासाने मला उचलून थेट आमच्या जुन्या मोहल्ल्यात, निजामपुऱ्यात, माझा दोस्त सलीमच्या खोलीत नेऊन आपटलं.

सलीमने घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरवर आम्ही परकी, म्हणजे दुसऱ्याच कंपनीच्या मशीनसाठी बनलेली, ऑपरेटिंग सिस्टीम बसवली होती. मदरबोर्डशी ती सवतीसारखी वागायची. सलीमच्या वारलेल्या अब्बांचा एकुलता व्हिडिओ त्यातल्या मरायला टेकलेल्या डिस्कवर होता, आणि कॉपी लावली की डिस्कच गायब! दोष सिस्टीमचाच समजून आम्ही बदलले तेवढे ड्रायव्हर अख्ख्या एसटी डेपोत नसतील. फक्त शुक्रवारी डिस्क दिसत राहते, हे ध्यानात आल्यावर पुढच्या शुक्रवारी कॉपी लावली.

दुपार इतकी शांत, की मुंगीची पावलं ऐकू यावीत. कॉपी निम्मी झाली, आणि भिंतीपलीकडच्या कापड कारखान्यातले लूम शुक्रवारची सुट्टी मोडून सुरू झाले. टेबल थरथरलं. त्या थरथरीतच वाढलो, म्हणून ती आम्हाला कधी जाणवलीच नव्हती. डिस्कची केबल तिच्या जागेतून हळूहळू बाहेर सरकत होती.

"सलीम, केबल!"

त्याने ती अंगठ्याने दाबून धरली. डिस्क तव्यासारखी तापलेली, आतून कुणी नखं घासत असल्यासारखा आवाज.

"सोड रे, हात भाजेल!"

"भाजू दे. अब्बा आत आहेत."

बिघाड सापडला म्हणून मी तेव्हा नाचायचाच बाकी होतो. आता दिसतो तो त्याचा पांढराफटक अंगठा.

कॉपी संपली आणि डिस्क कायमची गप्प झाली. सलीमने व्हिडिओ लावला. अब्बा दिसले, ओठ हलले. आवाज पूर्ण वाढवला, पण लूमच्या खडखडाटात एक शब्द ऐकू येईना. मेलेल्या डिस्कवरचा अंगठा सलीमने अजून उचलला नव्हता.