भाड्याची आखाजी

आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सातपुड्यात घर बांधलं ते आईसाठी. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणायचे, आणि भेटेल त्याला थांबवून म्हणायचे. "हिला जळगावचा उन्हाळा सोसत नाही हो, म्हणून वर दोन खोल्या टाकल्या." समोरचा माणूस आईकडे कौतुकाने बघायचा, की बाई नशीबवान आहे. आई पदर सारखा करून चहा टाकायला आत जायची. त्या दोन खोल्यांत ती एक रात्रसुद्धा झोपलेली नव्हती.

घर रावेरच्या वर, डोंगरातल्या एका लहानशा गावात होतं. केळीचे मळे मागे पडले की एसटी धापा टाकत घाट चढायची आणि खिडकीतून येणारा वारा हळूहळू गार व्हायचा. पुढे ओटा, आणि अंगणात जुनं चिंचेचं झाड. आईला त्या सगळ्यातलं काय हवं होतं, तर ते झाड. त्याला झोका बांधायचा आणि आखाजीचे चार दिवस तिथे राहायचं. बस, एवढंच मागणं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात ती लेकींची दिवाळी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि कामाला हात लावत नाहीत. आईचं माहेर अमळनेरचं. आजी-आजोबा गेले, मामाने घर विकलं आणि सुरतेला बिऱ्हाड केलं. मग आई कुठे जाणार? उलट माझ्या दोन्ही आत्या माहेरी यायच्या, म्हणजे जळगावात आमच्या मेहरूणच्या घरी. त्या झोक्यावर आणि आई चुलीपुढे. खापरावर पुरणाचे मांडे भाजून भाजून तिचं तोंड लालबुंद व्हायचं, आणि आत्या म्हणायच्या, "माहेरपण करावं तर वहिनीनेच!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई मात्र हसून आणखी एक मांडा वाढायची.

आता नानांचं ऐका. आखाजीला आमच्याकडे पुरुषांचाही एक कुळाचार असतो, तो म्हणजे पत्ते. घर बांधून झालं त्याच उन्हाळ्यात नानांच्या ओळखीचे एक कापसाचे व्यापारी आले. घरी पाहुण्या बायकांची ही गर्दी, निवांत डाव मांडायला जागा नाही, तुमचं वरचं घर रिकामंच असेल ना? नानांना नाही म्हणणं जन्मात जमलं नाही, म्हणजे परक्यांना. जाताना त्या गृहस्थांनी भाडं पुढे केलं. "अहो हे काय, हे काय," म्हणत नानांनी ते खिशात घातलं, आणि त्या दिवसापासून आमचे नाना घरमालक झाले.

मग दरवर्षी तेच. कधी व्यापारी, कधी आणखी कोणी, पण मागणी आखाजीचीच. आई आधी जाऊन घर झाडायची, गाद्या उन्हात टाकायची, माठ घासूनपुसून भरायची आणि त्याच दिवशी एसटीने परत. "यंदा आपण जायचं का?" असं ती दरवर्षी एकदा विचारायची. "पुढच्या आखाजीला नक्की," नाना म्हणायचे, "यंदा शब्द दिलाय." शब्द नेहमी दुसऱ्यालाच दिलेला असायचा.

आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, त्यांना त्या हवेचं काय? एकदा वरच्या घराचा राखणदार जळगावला आला तेव्हा सहज बोलून गेला की मंडळी दिवसभर खिडक्या लावून बसतात, वाऱ्याने पत्ते उडतात म्हणून. मला हसू आवरेना. गार वाऱ्याचं भाडं मोजायचं आणि तोच वारा बाहेर कोंडून ठेवायचा! नाना मात्र दुखावले. "हवा म्हणजे काय ते कळायला माणूस लागतो," असं म्हणाले आणि पुढच्या वर्षी त्याच मंडळींना पुन्हा घर दिलं.

मी कॉलेजात होते त्या वर्षीची गोष्ट. आईने हिवाळा संपल्यापासून शेजारपाजारच्या घरांसाठी ज्वारीचे बिबडे आणि पापड करून दिले होते. आम्हाला वाटलं, हिला हौस. एके दिवशी नाना जेवायला बसले आणि आईने ताटाशेजारी पैसे ठेवले.

"हे कसले?"

"आखाजीच्या घराचं भाडं. यंदा ते मी घेतलं."

नाना मोठ्याने हसले. मग आई हसत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं. "अगं, वेड लागलं का? घरच्या माणसाने भाडं द्यायचं?"

"घरच्या माणसाला मिळत नाही, म्हणूनच भाडेकरू झाले."

"आणि माझ्या बहिणी येतील त्यांचं काय?"

"त्यांचं माहेर आहे, त्यांचा भाऊ घरात आहे. करील की तो पुरण." एवढं बोलून ती थांबेल असं वाटलं, पण ती तिच्या अहिराणीवर आली. "माले माहेर कोठे शे? सांगा ना, कोठे शे?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस ते पैसे परत करील. कसलं काय! नाना काही वेळ भाताशी खेळत बसले. मग "व्यवहार तर व्यवहार," असं म्हणून त्यांनी पैसे सदऱ्याच्या खिशात टाकले. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आई आणि मी वर गेलो. तर ही बाई पोचल्या पोचल्या पदर खोचून फरशी पुसायला लागली! "आई, तू भाडं भरलंयस," मी ओरडले. तिने फडकं खाली ठेवलं आणि पुढे काय करायचं ते सुचेना म्हणून तशीच उभी राहिली. राखणदाराने झोका बांधला. पहिल्यांदा ती नुसती टेकली, पाय जमिनीवरून उचलेना. मग उचलले. गावातल्या दोनचार लेकी आल्या, गाणी सुरू झाली, आणि माझी आई अशी हसली की ही कोण बाई, असा मला प्रश्न पडला. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने नाना आले. पितरांची घागर त्यांनी भरली होती, पण पुरण करपलं होतं, मांडा खापराला चिकटून बसला होता आणि आत्या रुसून आपापल्या घरी निघाल्या होत्या. "चल आता, झाली ना आखाजी," ते ओट्यावर बसत म्हणाले. आईने त्यांना पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि आपण अजून दोन दिवस राहणार असल्याचं शांतपणे सांगितलं. नानांनी एकदा तिच्याकडे, एकदा झोक्याकडे बघितलं. वारा सुटला होता. मग जेवून, हात धुऊन, अगदी मोठं मन केल्यासारखं म्हणाले, "बरं, पुढच्या वर्षीपासून तुला भाडं नाही. फुकट राहा."

"नको," आई म्हणाली. "भाडं घेत जा. भाडं भरणाऱ्याला तुम्ही कधी उठवलं नाहीत. फुकट राहते तिलाच आयुष्यभर उठवत आलात."