दमानं आणि इहीर

दमानंभाऊंच्या गाडीत बसलेला माणूस कधी वेळेवर पोचला नाही, पण कधी दवाखान्यातही पोचला नाही. अकोला-अमरावती रस्त्यावर त्यांनी तीस वर्षं लाल गाडी चालवली, आणि ती अशी की मागून आलेला ट्रॅक्टर पुढे निघून जाई आणि ट्रॅक्टरवाला वळून आमच्याकडे दयेनं बघे. मी शाळामास्तर, त्या गाडीचा रोजचा प्रवासी. मी केबिनशी जाऊन मनगटावरचं घड्याळ दाखवलं की भाऊ आरशातून म्हणत, "दमानं घ्या, मास्तर. अमरावती काई पयून नाही चाल्ली." त्यांचं खरं नाव नामदेवराव. ते पेन्शनच्या कागदांपुरतं उरलं होतं.

निवृत्तीनंतर ते अमरावतीत नेमके माझ्या शेजारी राहायला आले. एका सकाळी माझी मुलगी गॅलरीत मोबाइलवर गाणं ऐकत होती. भिंतीवरून भाऊंचं डोकं वर आलं. कॅसेट भिजली का, त्यांनी काळजीनं विचारलं. मुलीनं समजावलं, की हल्ली गाणी मुद्दाम संथ करतात, वर घुमवतात, त्याला स्लोड अँड रिव्हर्ब म्हणतात आणि लाखो पोरं तेच ऐकतात. भाऊंचा चेहरा असा फुलला, जसा काही सरकारनं त्यांच्या ड्रायव्हिंगचा उशिरा का होईना सत्कार ठरवला होता. म्हणाले, "म्हंजे जग आता माह्या स्पीडवर येऊन राह्यलं."

मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला आणि तिथून माझ्या सकाळच्या झोपेचं वाटोळं झालं. कारभार तसा सोपा. ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, गाणं त्यात टाकायचं आणि दोन पट्ट्या सरकवायच्या, एक वेगाची, एक घुमण्याची. भाऊ वेगाची पट्टी डाव्या हातानं ओढत, थेट गिअर टाकल्यासारखी, आणि पाय आपोआप टेबलाखालचा क्लच दाबी. घुमण्याच्या पट्टीला त्यांनी 'इहीर' नाव ठेवलं. त्यांचं बालपण मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांत गेलेलं. तिथल्या विहिरीत वाकून स्वतःच्या नावानं हाका मारणं, एवढी एकच करमणूक. त्यामुळे रिव्हर्ब म्हणजे गाणं विहिरीत सोडणं, हा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही. 'दमानं-इहीर १', 'दमानं-इहीर २' अशा फाइली जन्माला येऊ लागल्या आणि रोज सकाळी माझ्या मोबाइलवर येऊन आदळू लागल्या.

गल्लीतल्या एका वरातीत तर त्यांनी कहर केला. डीजेवाला ओळखीचा. त्याच्याकडे हळूच आपली फाइल दिली. धांगडधिंग्याचं गाणं सुरू झालं ते असं, की नाचणारी पोरं एक पाय वर करून पुढच्या ठेक्याची वाट बघत उभी. घोडा पेंगला. नवरदेव खाली वाकून विचारू लागला, लाइट गेली का? पण मग रांगेच्या शेवटी चाललेल्या म्हाताऱ्या बाया पुढे आल्या. त्या वेगात त्यांना नाचता येत होतं. गुडघ्यांवर हात ठेवून, गोल फिरत त्या अशा नाचल्या की अर्ध्या तासाची वरात दीड तास चालली. नवरीकडचे तेवढे मांडवात ताटकळले.

हे खूळ कशासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "गाणारा माणूस श्वास कवा घेते, ते दमानं केल्यावरच समजते, मास्तर." मग त्यांनी कपाटातून एक कॅसेट काढली.

त्या कॅसेटवर त्यांच्या पत्नीचा, यशोधराबाईंचा आवाज होता. जयंतीला विहारात गायचं गाणं त्यांनी घरी म्हणून बघितलं होतं, तेवढीच एक आठवण. त्या गेल्या तेव्हा वंदना, त्यांची एकुलती मुलगी, चार वर्षांची. कॅसेटमधला आवाज बारीक, किनरा, पिपाणीसारखा. आणि वंदनाचा आवाज भरदार. शाळेत असताना ती एकदा विहारात गायला उभी राहिली, तर इतकी वर्षं ती कॅसेटच ऐकत आलेली आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, माय पिपाणी अन् पोरगी ढोल. वंदना खाली बसली ती बसलीच. आता अकोल्याला शिक्षिका आहे, पण वर्गातल्या कविताही मोबाइलवर लावते, स्वतः म्हणत नाही. "तिच्या मायचा आवाज तिले चांगला करून द्या लागते," भाऊ म्हणाले. त्यांना इतकं गंभीर मी पहिल्यांदाच बघितलं.

कॅसेट वाजवून आम्ही ती मोबाइलवर उतरवली, ब्राउझरात टाकली. भाऊ कानाला हेडफोन लावून बसले आणि एकाएकी ताठ झाले. गाण्यामागे घरातलं भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत टिकटिक मोजली. मिनिटाला साठ हवी, भरली बहात्तर. पुन्हा मोजली. बहात्तर.

मग त्यांना सगळं आठवलं. त्या दिवशी लाइट गेलेली. घरात नवा सेल एकच, तो त्यांनी घड्याळाला घातला, कारण ड्युटी चुकायला नको. टेपला टॉर्चमधले उतरलेले सेल. टेप रखडत फिरली, रखडतच आवाज भरला, आणि पुढं लाइटवर वाजवताना तो दर वेळी धावत सुटला. "पस्तीस वर्षं मी हेच ऐकून राह्यलो," भाऊ म्हणाले. "मले वाटे, तिचा आवाज असाच होता. खरा आवाज मीच पुसला, मास्तर. जिंदगीत एकदाच गाडी जोरात पयवली, अन् तीबी तिची."

त्यांनी पट्टी केसाकेसानं मागं ओढली. सत्तर. सहासष्ट. साठ टिकटिक भरली तेव्हा हात काढला.

वंदना रविवारी आली. गाणं लावलं. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. तिनं वडिलांकडे असं बघितलं, जणू चोरून गाताना कुणी तिला पकडलं होतं.

"बाबा, हे कोन गाऊन राह्यलं? हे तर मी होय."

"तू नोहे बाई," भाऊ म्हणाले. "माय होय तुही."

भाऊ आता अकोल्याला वंदनाकडे असतात. शेजारचं घर रिकामं आहे, मी पुन्हा उशिरापर्यंत झोपू शकतो, आणि झोप येत नाही. यंदा जयंतीला त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. विहारासमोर मांडव, पहिल्या रांगेत भाऊ, शेजारी मी. वंदना माइकसमोर उभी राहिली. साडीचा पदर दोनदा सारखा केला. मग तो भरदार आवाज निघाला आणि मांडवातली कुजबुज थांबली.

तेवढ्यात साउंडवाल्याला काय हुक्की आली, त्यानं इकोचं बटण फिरवलं. आवाज घुमायला लागला. आणि मी जन्मात न बघितलेलं दृश्य बघितलं. दमानंभाऊ धावले. धोतराचा सोगा धरून, दोन खुर्च्या पाडून, सत्तरी ओलांडलेला माणूस साउंडवाल्यापर्यंत पोचला आणि ते बटण त्यानं स्वतः शून्यावर आणलं.

"इहिरीतून आत्ता कुठं बाहेर काढलं तिले," ते धापा टाकत म्हणाले. "परत नोको टाकू, बावा."

मग पाडलेल्या दोन्ही खुर्च्या उभ्या करत ते जागेवर परत आले. दमानं.