यंत्राला दाखवलेली जागा

त्या सोमवारी सास्तूरच्या जनावरांच्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत. चिठ्ठीशिवाय दुष्काळी छावणीत चारा मिळत नसे.

छावणी चालवणाऱ्या आमच्या सहकारी संस्थेतला संगणकवाला यंत्राला हात जोडूनच कामाला बसायचा. बोलायचा इतकं हळू, की शेजारी कुणी आजारी निजलंय असं वाटावं. चिठ्ठ्या छापायला जनावरांच्या नोंदी कुठं शोधायच्या हे यंत्राला त्यानंच सांगायचं असे. सास्तूरसाठी त्यानं गेल्या दुष्काळातली जागा तशीच राहू दिली होती. यंदाची जनावरं तिथं नव्हतीच. हे उमगेपर्यंत एका म्हातारीची गाय मेली.

"मशीन बिघडलं म्हणून सांगा," संस्थेचे साहेब त्याला म्हणाले.

तो म्हातारीसमोर जाऊन उभा राहिला. "मावशी, मशीन चांगलंय. म्या चुकलो."

"मग आता त्या मशीनचंच दूध काढून दे, बाबा."

महिनाअखेर त्यानं नोकरी सोडली. म्हातारीच्या गोठ्यात अजून जनावर नाही.