कडुबाकाकांचं लायसन

आरटीओचं ऑफिस कधी उघडतं म्हणून अख्खं शहर हवालदिल झालं होतं, आणि कडुबाकाकांना ते बंद राहिलं तर हवं होतं. खोटं कशाला बोला? टीव्हीवर लॉकडाऊन वाढल्याची बातमी आली की घरातली बाकीची माणसं कपाळाला हात लावायची, आणि काका हळूच पाय लांब करून भिंतीला टेकायचे. त्यांचं लायसन संपलं होतं. पण ऑफिसंच बंद म्हटल्यावर सरकारनं सगळ्यांच्याच लायसनची मुदत वाढवली, मग परत वाढवली, मग आणखी एकदा. पोरगा अभय मोबाईलमध्ये बघून सांगायचा, "बाबा, अजून वाढवली." काका म्हणायचे, "वाढवू दे बापडं. कायी घाई नाय."

चिकलठाण्यात विमानतळाकडच्या वस्तीत, विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. उभी हयात त्यांनी शाळेच्या पोरांची व्हॅन चालवली. पोरांची ने-आण करणारे या शहरात ढिगानं आहेत, पण काकांची गोष्ट वेगळी. दुपारी पोराला दारात सोडलं की ते आत जाऊन आईच्या पदराला लागेस्तोवर हा माणूस गाडी हलवायचा नाही. मागचे रिक्षावाले हॉर्न मारून मारून थकायचे, नको नको ते बोलायचे. काका आरशात बघून नुसता हात वर करायचे. कुणाची पाण्याची बाटली राहते, कुणाला खिडकीशी बसलं की मळमळतं, कुणाची आई कायम उशीर करते, सगळं तोंडपाठ. आया डोळे झाकून लेकरं त्यांच्या हवाली करायच्या.

आता नेमकं डोळ्यांचंच बिनसलं, त्याला काय करायचं?

झालं असं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये सूनबाईच्या, म्हणजे तनुजाच्या आईला, चंपाबाईला बरं नव्हतं. माहेर सोयगावला. एसटी बंद. अभयची कंपनीतली शिफ्ट सुटायची नाही. तेव्हा पास काढून काकांनीच व्हॅन काढली आणि सुनेला घेऊन निघाले. रस्ता सगळा मोकळा, चिटपाखरू नाही. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरच्या पुढं गेले, आणि तनुजा एकदम ओरडली, "मामा, डावीकडं बैल." काकांनी करकचून ब्रेक मारला. बैल बोनेटला घासून गेला. चांगला थोराड, पांढराशुभ्र बैल, आणि तो काकांना दिसलाच नव्हता. शिंगं समोर आली तेव्हा दिसला. तनुजाला वाटलं, मामांना डुलकी लागली. काकांनीही तसंच वाटू दिलं.

परत आल्यावर ते एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरीणबाईंनी मशीनला डोकं टेकवून बराच वेळ तपासलं. म्हणाल्या, काचबिंदू आहे. समोरचं शाबूत आहे, बाजूबाजूचं गेलंय. गेलेलं काही परत येत नाही, पण रोज थेंब घातले तर आहे ते टिकेल. मग त्यांनी विचारलं, "काका, काम काय करता?" आणि आयुष्यात कधी आपल्या धंद्याची लाज न वाटलेला हा माणूस म्हणाला, "वॉचमन हाये, बाई."

घरी येऊन त्यांनी मनकर्णाबाईला सांगितलं, नंबर वाढलाय. बायकोनं थेंबांची बाटली बघितली, पण डोळ्यांत थेंब म्हातारपणी सगळेच घालतात. त्या दिवसानंतर काकांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. शाळा बंद, बाजार बंद, गाडी घेऊन जायचं होतं कुठं?

गाडी सुरू केली नाही तर बॅटरी बसते. म्हणून एका संध्याकाळी त्यांनी तनुजाला किल्ली दिली. "शिकतीस का?"

तनुजा बघतच राहिली. पोरीची लई इच्छा होती, पण सासऱ्याकडं कुणी असलं मागतं होय? अभय हसला, "बाबा, ती स्कूटीला घाबरते." काका म्हणाले, "तू गप. तुला शिकवलं तव्हा तू कायी कमी रडला नव्हता." झालं, मधे लर्निंगपुरती एक खिडकी उघडली होती, तिथं तिचं लायसन काढलं, व्हॅनला मागंपुढं लाल एल चिकटवला, आणि कंपन्यांच्या मागच्या ओसाड रस्त्यावर शिकवणी सुरू झाली.

आणि तिथं काकांनी आपली एक रीत काढली. "हे बघ तनुजा, गाडी चालवताना मुकं बसायचं नाय. दिसतंय ते बोलत जायचं. डावीकडं काय, उजवीकडं काय, कोण थांबलंय, कोण निघालंय. मोठ्यानं. मला ऐकू आलं पाहिजे."

"सगळंच?"

"कुत्रंसुद्धा."

पोरगी सरळ मनाची. तिला वाटलं, गाडी अशीच शिकवत असतील. ती बोलायची. "डावीकडं टेम्पो उभा हाये. उजवीकडून सायकल. पुढं एक म्हातारबाबा हायेत, डोक्यावर भारा हाये. डावीकडं शेळ्या. एक मागं राहिली, मामा, तिच्यासाठी थांबते." काका डाव्या सीटवर बसून समोर बघायचे आणि कान देऊन ऐकायचे. खरं सांगायचं तर त्यांना मजा येऊ लागली होती. जे जग कडेकडेनं विझत चाललं होतं, ते ही पोरगी रोज संध्याकाळी त्यांना परत सांगत होती. कन्नडच्या रस्त्यानं एकदा लांबवर गेले, तर तिनं उसाचे ट्रॅक्टर, रसवंतीची टपरी, पुलाखाली धुणं धुणाऱ्या बाया, काही म्हणता काही सोडलं नाही. काकांना भरून आलं. त्यांनी धूळ गेली म्हणून चष्मा काढून पुसला.

टेस्टची तारीख मात्र काही केल्या लागेना. मिळाली तर दुसरी लाट आली आणि रद्द झाली. परत मिळाली, परत पुढं गेली. मोबाईलवर स्लॉट बघता बघता तनुजा रडकुंडीला यायची. काका तिची समजूत घालायचे, "बरंच झालं की. हात आणखी बसंल." आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडायचे. ऑफिस उघडलं की त्यांचंही लायसन निघणार होतं. लायसन निघालं की शाळा, शाळा आली की पोरं. एवढं सगळं त्या एका बंद दाराच्या पलीकडं उभं होतं.

पण बंद दार उघडायचं थोडंच राहतं? ऑफिस उघडलं. शाळांच्या बातम्या यायला लागल्या. आयांचे फोन सुरू झाले. सुलेखा नावाची एक आई होती, तिची अमृता काकांच्या अगदी मागं बसायची. ती म्हणाली, "काका, तुम्ही असला तरच पाठवणार बरं का. दुसऱ्याच्या गाडीत पाठवलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही." काका "व्हय बाई, व्हय" म्हणाले आणि फोन ठेवून अंगणात येरझारा घालू लागले.

सांगायचं कुणाला? बायको हाय खाईल. अभयचा पगार कंपनीनं अर्धा केलेला. आणि आपण व्हॅन सोडून करायचं काय? त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून बघितलं. बारीकातली बारीक अक्षरं वाचता येत होती. लायसनच्या डॉक्टरचा तक्ता असाच असतो, समोर टांगलेला. लायसन तर निघंल, त्यांनी ठरवलं. पुढचं पुढं.

तनुजाला अखेर तारीख मिळाली. काका म्हणाले, माझंही त्याच दिवशी उरकून टाकू. गाडी अर्थात तनुजानंच नेली.

ऑफिसच्या आवारात ही गर्दी. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, जमिनीवर चुन्याचे गोल, आणि गोलात उभं राहायचं सोडून सगळे एकमेकांच्या खांद्यावर. दोन वर्षांचे तुंबलेले लोक एकदम आलेले. तनुजाचा नंबर दुपारी लागला. इन्स्पेक्टरसाहेब डावीकडं बसले, काचा खाली करायला लावल्या, आणि व्हॅन निघाली. काका कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभे होते. गाडी त्यांच्या नजरेतून लगेच निसटली. पण पोरीचा आवाज कुठं निसटतोय?

"पुढं मोकळं हाये. डावीकडं मोटारसायकल, हेल्मेट नाय घातलं. उजवीकडं बाई, लेकरू कडेवर. थांबते. गेली. आता वळते."

रांगेतली माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, "ही तर क्रिकेटची कॉमेंट्री लावली." काका भिंतीपासून दोन पावलं पुढं आले. त्यांनी तिला सांगायला हवं होतं की आज बोलू नको. पण काय कारण सांगणार होते?

गाडी थांबली. साहेब उतरले ते हसतच उतरले. तनुजा धावत आली, मास्कच्या वर नुसते डोळे चमकत होते.

"मामा, पास झाले. साहेबांनी विचारलं, असं बोलायला कुणी शिकवलं. मी म्हटलं, आमच्या मामांनी, ते शाळेची व्हॅन चालवतात. तर म्हणाले, एवढा जपणारा माणूस मी बघितला नाही. त्या पोरांच्या आईबापांचं नशीब म्हणाले."

काकांनी मान खाली घातली. तनुजाला वाटलं, मामांना आनंदानं भरून आलं. तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. काकांना त्या क्षणी जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. शिव्या खाल्ल्या असत्या तर त्यांनी पचवल्या असत्या. हे कौतुक पचेना.

"तुमचं राहिलंय ना? जा, मी गाडीत बसते," ती म्हणाली.

रस्त्याच्या पलीकडं लायसनसाठी तब्येतीचं सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांचा छोटासा दवाखाना होता. रस्ता ओलांडताना काका चार वेळा मान वळवून बघत होते. डॉक्टर तरुण, कामाच्या घाईतला, पण बोलायला गोड. त्यानं फॉर्मवर शाळेची व्हॅन लिहिलेलं वाचलं, बीपी बघितलं, छातीला नळी लावली, मग एक एक डोळा झाकायला लावून समोरचा तक्ता वाचायला सांगितला. काकांनी वरपासून वाचत आणलं. शेवटची ओळ, जी चांगल्या चांगल्यांना लागत नाही, ती पण घडाघडा वाचली.

"वा, काका. या वयात एकदम क्लास आहेत डोळे," डॉक्टर म्हणाला आणि पेन उचललं.

संपलं होतं. सहीच राहिली होती. काकांना अमृता दिसली, तिचं दप्तर दिसलं, आणि डाव्या बाजूनं, जिथं त्यांना आता काहीच दिसत नव्हतं, तिथून व्हॅनकडं पळत येणारी बाकीची पोरं आठवली.

"डॉक्टरसाहेब," काका म्हणाले, "समोरचं इचारलं तुम्ही. बाजूचं इचारा."

"म्हणजे?"

"समोर बघतो मी. तुम्ही बाजूला बोट धरा."

डॉक्टरनं पेन ठेवलं. समोर बसून त्यानं काकांना आपल्या नाकाकडं बघायला सांगितलं आणि एक बोट बाजूनं हळूहळू आत आणलं. "दिसलं की सांगा." काका गप्प. बोट आणखी आत आलं. काका गप्प. डॉक्टरचा चेहरा उतरत गेला तो मात्र काकांना समोरच असल्यामुळं स्वच्छ दिसला.

"काका, मला सही नाही करता येणार," तो हळूच म्हणाला. "शाळेची पोरं नेता ना तुम्ही?"

"नेत होतो," काका म्हणाले.

बाहेर तनुजा व्हॅनला टेकून माहेरी फोनवर पास झाल्याचं सांगत होती. काकांना बघून तिनं फोन ठेवला. काकांनी तिथंच, रस्त्याच्या कडेला उभं राहून, बैलापासून सगळं सांगितलं. तनुजा ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"म्हंजे मी शिकत होते तव्हा शेजारी बघणारं कुणीच नव्हतं?" ती म्हणाली. "मोठ्या रस्त्यानं नेलं तुम्ही मला, मामा. ट्रॅक्टरांतून. कायी झालं असतं तर?"

"चुकलं माझं, पोरी."

"चुकलं नाय, लई चुकलं." तिचे डोळे भरून आले. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्याशी कधी असं बोलली नव्हती. मग डाव्या बाजूचं दार उघडून म्हणाली, "बसा. घरी आत्याला तुमचं तुम्ही सांगायचं. मी नाय सांगणार."

"सांगतो. पोरांच्या आयांना पण मीच फोन करतो."

"आणि थेंब? रोज घालता का?"

"कधी कधी राहतेत."

"आता नाय राहणार," तनुजा म्हणाली आणि तिनं गाडी सुरू केली.

क्रांती चौकापर्यंत काका नेहमीसारखे पुढं झुकून, मांडीवर मुठी आवळून बसले होते. मग पाठ सीटला टेकली. मुठी सुटल्या. दोन वर्षं हा माणूस रात्रीसुद्धा धड झोपला नव्हता. सेव्हन हिलचा पूल यायच्या आत त्यांची मान खिडकीकडं कलली आणि ते घोरायला लागले.

जालना रोड म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळची वेळ, कंपन्या सुटलेल्या, रिक्षा आडव्या, बसगाड्या उभ्या. तनुजानं चिकलठाण्यापर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.